उजव्या पायाचा गिअर

गोल हेडलाइट, थेंबाच्या आकाराची टाकी, तारांची चाके आणि मधोमध ताठ उभा असलेला एकच सिलिंडर, अशा घडणीची मोटारसायकल आपल्याकडे असावी, ही इच्छा मी वीस वर्षे मनात बाळगली होती. त्या वीस वर्षांत रोजच्या जाण्यायेण्यासाठी मी शंभर ते दीडशे सीसीच्या साध्या गाड्या चालवल्या आणि त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. मागच्या वर्षी मात्र मनाशी पक्के केले की रॉयल एनफिल्डची बुलेट किंवा त्याच घराण्यातली क्लासिक घ्यायची, आणि तीही वापरलेलीच घ्यायची. वापरलेली घेण्यामागे पैसे वाचवणे हे एक कारण होतेच, पण त्याहून मोठे कारण असे की मला हवी असलेली गाडी नेमकी कोणत्या काळातली आहे हे मलाच ठाऊक नव्हते, आणि शोरूममध्ये फक्त आजचीच गाडी मिळते. जुनी घ्यावी की नवी, या एका प्रश्नाचे उत्तर मिळायला पाच महिने लागले. त्या काळात मी अकरा गाड्या पाहिल्या, त्यांतल्या सहांविषयी इथे लिहीत आहे.

ज्यांचा या गाड्यांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण बाहेरून पाहिले तर चाळीस वर्षांपूर्वीची गाडी आणि अलीकडची गाडी सख्ख्या बहिणी वाटतात. बुलेट हे नाव १९३२पासूनचे आहे. इंग्लंडमधल्या रेडिच येथील कारखान्याची ३५० सीसीची बुलेट १९५५पासून मद्रासला जोडली जाऊ लागली, पुढे तिथेच पूर्णपणे तयार होऊ लागली, आणि रेडिचचा कारखाना बंद पडल्यानंतरही मद्रासची बुलेट निघतच राहिली. तिचे इंजिन ३४६ सीसीचे, म्हणजे ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल). सिलिंडर बिडाचा असल्यामुळे या गाड्यांना सगळे जण 'कास्ट आयर्न' म्हणतात. त्यात इंजिन वेगळे, गिअरबॉक्स वेगळी आणि दोहोंना जोडणारी प्रायमरी चेन अशी रचना असते. मधल्या काळात ऑस्ट्रियातल्या एव्हीएल या संस्थेच्या साहाय्याने बनवलेले ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचे इंजिन आले. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात सामावणारे यूसीई आले, आणि २००९ साली आलेल्या क्लासिकमध्ये तेच बसवलेले होते. ३५० सीसीच्या यूसीईचे बोअर आणि स्ट्रोक जुन्याच मापाचे, ७० आणि ९०चे, राहिले. २०२० साली मात्र मापच बदलले. ३४९ सीसीचे, ७२ मिलिमीटर बोअर आणि ८५.८ मिलिमीटर स्ट्रोकचे, वरच्या कॅमचे, बॅलन्सर शाफ्ट आणि फ्युएल इंजेक्शन असलेले 'जे सिरीज' इंजिन आले आणि पुढच्या वर्षी ते क्लासिकमध्येही बसले.

माझ्या मनात सुरुवातीला दोनच टोके होती. घेतली तर खरी जुनी, म्हणजे कास्ट आयर्न, नाहीतर सरळ नवी, जे सिरीजची. मधल्या यूसीईचा विचार मी केलाच नव्हता, कारण ती मला ना धड जुनी, ना धड नवी वाटत असे. हा ग्रह किती वरवरचा होता ते पुढे येईलच.

माझ्यासोबत आमचे मेकॅनिक काका असत. त्यांनी तीस वर्षे याच इंजिनांवर काम केले आहे. गाडी पाहायला येण्यासाठी त्यांनी मला एकच अट घातली होती. "मालकाला आधीच सांगून ठेवायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. हात लावून इंजिन गार लागलं तरच पुढचं बोलायचं." तापलेले इंजिन पुष्कळ गोष्टी झाकते. थंडीत लागणारा चोक, सुरू होताना निघणारा धूर, पिस्टनची पहिल्या मिनिटातली खडखड, हे सारे पाच मिनिटांत नाहीसे होते आणि मग ग्राहकाच्या कानावर केवळ गोड ठोका पडतो. अकरांपैकी तीन ठिकाणी आम्ही गेलो तेव्हा इंजिन कोमट होते, आणि त्या तिन्ही ठिकाणांहून काका आवरण न उघडताच परत फिरले.

पहिली गाडी पाहताक्षणी माझे मन तिच्यावर बसले. ऐंशीच्या दशकातली, काळ्या रंगाची, टाकीवरच्या सोनेरी रेषा हाताने ओढलेल्या. मालकांनी ती स्वतःच्या हाताने सांभाळली होती आणि त्यांना ती चालवणे आता झेपत नव्हते. "ताई, किक मारायची रीत माहीत आहे ना?" असे त्यांनी विचारले, आणि मला माहीत नाही असे दिसल्यावर न कंटाळता दाखवले. प्रथम चावी फिरवायची आणि किक पायाने हलकेच दाबत न्यायची. पिस्टन दाबाशी आला की किक अडते. तिथे हँडलवरची डीकॉम्पची लहान कांडी ओढायची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सुटतो, आणि किक आणखी किंचित पुढे सरकवायची. हे करताना नजर हेडलाइटच्या टोपणावरच्या अँपिअर मीटरवर ठेवायची. ठिणगी पाडणारे पॉइंट मिटलेले असेपर्यंत काटा उणे बाजूला झुकलेला असतो, आणि ते उघडले की मधोमध शून्यावर येतो. काटा शून्यावर आला की कांडी सोडायची, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि ॲक्सिलेटरला हात न लावता एकच पूर्ण किक मारायची. अर्धी किक मारली तर इंजिन उलटा झटका देते आणि तो थेट घोट्याला किंवा नडगीला बसतो. मी तिसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू केली. त्या थंड सकाळी इंजिनाने एकेक ठोका मोजून द्यावा तसा दिला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

काकांनी तिची नीट परीक्षा केली. किकवर उभे राहून पाहिले, तर डीकॉम्प न ओढता किकने त्यांचे वजन काही क्षण पेलले, म्हणजे दाब चांगला होता. सिलिंडरच्या तळाशी असलेले टॅपेटचे छोटे झाकण उघडून त्यांनी पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या, दोन बोटांत फिरवून पाहिले. ते सहज फिरत होते, पण वरखाली हलत नव्हते, आणि थंड इंजिनात ते तसेच असायला हवेत. टाकीत बॅटरीचा प्रकाश टाकला, तर आतला पत्रा स्वच्छ होता. स्टीअरिंगच्या नळीवरचा चेसिस क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणीच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळत होता. एवढ्या वर्षांच्या गाडीत दोष काढायला जागा मिळेना.

मग मी ती चालवायला घेतली. या जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो, आणि गिअरची चालही उलटी असते : पहिला वर, बाकीचे तीन खाली. ब्रिटिश मोटारसायकलींची ती जुनी रीतच होती. रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटांत मला ते जमू लागले. न्यूट्रल शोधायचे वेगळे पायटे टाचेने दाबताना तर मोठी मौज वाटली. परत येताना एका गल्लीच्या तोंडातून एक सायकलस्वार अचानक पुढे आला. माझा उजवा पाय वीस वर्षांच्या सवयीने खाली गेला आणि पूर्ण ताकदीने ज्याच्यावर पडला तो ब्रेक नव्हता, गिअर होता. तिसऱ्यातली गाडी चौथ्यात गेली आणि वेग जराही उतरला नाही. उजव्या हाताने पुढचा ब्रेक आवळला होता म्हणून, आणि सायकलस्वार पुढे निघून गेला म्हणून, काही झाले नाही. मी रस्त्याच्या कडेला थांबले तेव्हा माझे गुडघे थरथरत होते.

काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "सवय होते हो. माझी झालीच की. पण सवय होईपर्यंतचे दोन महिने कसे काढणार, ते तुम्हीच ठरवा." माझ्या बाबतीत अडचण दोन महिन्यांपुरती नव्हती. घरातली रोजची छोटी गाडी तशीच राहणार होती आणि एकाच दिवशी मला दोन्ही चालवाव्या लागणार होत्या. सकाळी ब्रेक उजवीकडे आणि संध्याकाळी डावीकडे, असे करत राहिल्यास पायाला कोणतीच सवय धड लागणार नाही. विचार करून पाय हलवायचा असतो तेव्हा सगळे जमते, पण संकटाच्या क्षणी विचाराला वेळच नसतो. ज्यांच्याकडे हीच एक गाडी असेल, किंवा जे लहानपणापासून तीवर बसले असतील, त्यांच्यासाठी ही अडचण मुळीच नाही. माझ्यासाठी ती निर्णायक ठरली. मी त्या मालकांना नाही म्हणाले त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटले, आणि ते त्यांनाही दिसले असावे.

डाव्या बाजूला गिअर असलेली नंतरच्या काळातली कास्ट आयर्नही मिळते, म्हणून मी तशी एक शोधून काढली. ही पहिलीपेक्षा निदान पंधरा वर्षांनी तरुण होती आणि मीटरवरचे अंतरही कमी होते. पण ती सहा वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. टाकीचे झाकण उघडताच वार्निशसारखा आंबूस वास आला. आतल्या पत्र्यावर तपकिरी गंज पापुद्र्यांनी सुटत होता. टायर ज्या बाजूवर उभे होते तिथे चपटे झाले होते, पुढच्या शॉकअबच्या दांड्यांवर गंजाचे टोचे पडले होते, आणि अशा दांड्या नवे ऑइल सील चार दिवसांत कापून टाकतात. इंजिनाला घाम फुटल्यासारखे तेल सगळ्या जोडांतून पाझरले होते, कारण न चालता सील सुकले होते. पहिली गाडी वयाने कितीतरी मोठी असूनही दर आठवड्याला फिरत होती, म्हणून निरोगी होती. ही धाकटी असून आजारी होती. या दोन गाड्या पाठोपाठ पाहिल्यानंतर गाडी कोणत्या सालची आहे हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर टाकला आणि ती गेल्या दोन वर्षांत किती दिवस उभी होती, हे आधी विचारू लागले. या पाच महिन्यांत मला जे दोष दिसले ते जवळजवळ सगळे ठेवण्याचे होते, बनावटीचे नव्हते.

तरीही जुन्या इंजिनाचा नाद तेवढ्यापुरता बाजूला ठेवून मी नव्याकडे वळले.

जे सिरीजची क्लासिक मी प्रथम एका मैत्रिणीची चालवली, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती मला फार आवडली. बटण दाबताच सुरू होते आणि थंडीत चोकचा प्रश्न येत नाही. तिला किक नाहीच. गिअर हलके पडतात. ताशी ८० किलोमीटरला आरसे स्थिर राहतात, आणि मागून येणारे वाहन ट्रक आहे की बस हे त्यांत ओळखता येते. जुन्या बुलेटमध्ये त्या वेगाला आरशात रंगांचा एक हलता डाग दिसतो. हे काम बॅलन्सर शाफ्टचे आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरखाली होताना जो हादरा बसतो, त्याच्या उलट दिशेने फिरणारे वजन तो बराचसा खाऊन टाकते. शिवाय दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. ओल्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला, तेव्हा लिव्हरखाली थरथर जाणवली आणि गाडी सरळ रेषेत थांबली. लांबचे अंतर रोज कापणाऱ्याने, किंवा पावसाळ्यातही रोज गाडी काढावी लागणाऱ्याने, दुसरा विचार न करता हीच पिढी घ्यावी, असे माझे मत तेव्हा झाले आणि ते आजही तसेच आहे.

मग याच पिढीची एक गाडी विकाऊ असल्याचे कळले. दीड वर्षाची, मीटरवर सहा हजार किलोमीटर, रंग आरशासारखा. मला ती लगेच घ्यावीशी वाटत होती. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि ते खाली बसले. मागच्या टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. पुढच्या आणि मागच्या टायरच्या तारखांत चौदा महिन्यांचे अंतर होते. सहा हजारांत मागचा टायर बदलायची वेळ सहसा येत नाही, म्हणून मनात पहिली शंका आली. मग त्यांनी पुढचे चाक उचलायला लावले आणि हँडल एका बोटाने हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. मधोमध येताच ते एका खाचेत अडकल्यासारखे किंचित थांबले. म्हणजे कोनसेटमध्ये, हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमध्ये, खड्डा पडलेला होता. शेवटी हँडल जिथे फ्रेमला टेकून थांबते तो छोटा लोखंडी ठोकळा त्यांनी मला दाखवला. एका बाजूचा ठोकळा जसाच्या तसा होता, दुसऱ्या बाजूचा चेपलेला होता आणि त्यावर रंगाचा नवा हात मारलेला होता. गाडी जोरात पडल्याशिवाय तो ठोकळा चेपत नाही. मालकाला विचारले तर त्याने पडल्याचे मान्य केले, "पण सगळं नवीन टाकलंय," असेही म्हणाला. टाकले असेलही. फ्रेम किती वाकली होती हे मात्र नव्या मडगार्डवरून कळत नाही, आणि फ्रेमच्या बाबतीत मी कोणाच्याही शब्दावर विसंबणार नव्हते.

दुसरी एक जे सिरीज सर्वार्थाने निर्मळ होती. न पडलेली, नियमित फिरणारी, कागद चोख. ती मी दोन वेळा लांबवर चालवून आणली. दुसऱ्या खेपेला परत येताना मी स्वतःलाच विचारत होते की, सगळे इतके चांगले असताना मी पैसे देऊन का टाकत नाही. बऱ्याच वेळाने उत्तर सापडले. मला या गाडीवर बसणे जितके हवे होते तितकेच तिच्याशेजारी जमिनीवर बसणेही हवे होते. माझ्या पहिल्या गाडीचा कार्ब्युरेटर मी वयाच्या एकविसाव्या वर्षी भीत भीत उघडला होता, आणि तेव्हापासून प्लग, एअर फिल्टर, केबल, कार्ब्युरेटर ही कामे मी स्वतः करत आले आहे. इंजेक्शनची गाडी वर्षानुवर्षे काही मागत नाही, हा तिचा गुण आहे. पण तिने कधी काही मागितले तर संगणकाची वायर लावल्याशिवाय तिचे दुखणे कळत नाही आणि ते हात माझे नाहीत. जुन्या गाडीत मला खरोखर काय भावले होते, हे त्या परतीच्या रस्त्यावर प्रथमच स्पष्ट झाले. तिचे वय किंवा अँपिअर मीटर नव्हे, तर तिचे बिघडणे मला समजू शकेल अशा भाषेत होते.

मी हे काकांना सांगितले, तेव्हा ते जरा थांबून म्हणाले, "माझ्याकडे सर्व्हिसिंगला येणारी एक २०१३ची क्लासिक आहे. मालक विकायची म्हणताहेत. तुम्ही यूसीई बघायलाच तयार नव्हता, म्हणून मी बोललो नाही."

खरे तर यूसीई मी एक पाहिली होती आणि तिच्यामुळेच माझा ग्रह पक्का झाला होता. ती गाडी पाहताना डोळे दिपत होते, पण तिच्यात कारखान्याचे असे फारच थोडे उरले होते. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, त्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये बदललेले जेट, जादा दिव्यांसाठी जागोजागी कापून चिकटपट्टीने जोडलेल्या वायरी. सेल्फ मारला की इंजिनाच्या बाजूने कर्र असा दात घासल्यासारखा आवाज येत होता. काकांच्या मते मरायला टेकलेल्या बॅटरीवर वर्षभर सेल्फ मारत राहिल्याने आतला स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा भाग, झिजला होता. एकाच्या हौसेपायी झालेल्या हानीचा दोष मी अख्ख्या पिढीला दिला होता, आणि तो अन्याय होता हे कबूल केले पाहिजे.

२०१३च्या त्या गाडीचा रंग मंद पडलेला होता. टाकीवर गुडघ्याच्या उंचीला दोन्ही बाजूंना घासून घासून आलेली फिकट वर्तुळे होती. सीट एकदा शिवून घेतलेली दिसत होती. पण सायलेन्सर मूळचा, वायरिंगला कुठेही कात्री लागलेली नाही, नंबर सारे जुळणारे. इंजिन बर्फासारखे गार होते. चोक ओढून किक मारली आणि दुसऱ्या किकला ते सुरू झाले. मी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरून पाहिला. कागदावर काजळीचा हलका थर आला, तेलाचे थेंब आले नाहीत. ॲक्सिलेटर वाढवून एकदम सोडला, तेव्हा निळा धूर निघाला नाही. तो तसा निघाला असता तर व्हॉल्व्हच्या बाजूने तेल आत येत आहे असे समजायचे असते. जोर लावताना निघाला, तर संशय पिस्टन रिंगांवर जातो. यूसीईमध्ये टॅपेट हायड्रॉलिक असल्यामुळे त्यांची फट लावण्याचा प्रश्नच नव्हता. थंडीत आलेली त्यांची टिकटिक तेल चढताच थांबली, म्हणजे तेलाचा दाबही ठीक होता.

चालवताना मला जे मिळाले त्याची मी अपेक्षा केली नव्हती. गिअर डाव्या पायाला, मागचा ब्रेक उजव्या पायाला, पुढे डिस्क. माझ्या पायांना काहीही नव्याने शिकायचे नव्हते. आणि चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरने जाताना तोच ९० मिलिमीटरचा स्ट्रोक आपली लय ऐकवत होता. पहिल्या काळ्या गाडीइतका तो ठोका सुटा सुटा नव्हता, पण नाते कळत होते. ८०च्या पुढे हँडल आणि पायटे दोन्ही गुणगुणू लागले, आणि ९०ला ती गुणगुण हाताला मुंग्या आणणारी झाली. मी ७०च्या पुढे क्वचितच जाते, म्हणून हे मला सोसण्यासारखे होते. ज्याला सोसवणार नाही त्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये, कारण ती सर्व्हिसिंगने जाणारी गोष्ट नाही.

या गाडीतही दोष होतेच, आणि ते कागदावर लिहून काढताना काकांनी त्यांचे दोन भाग करायला लावले : झिजलेले आणि मोडलेले. चेन स्प्रॉकेटचे दात मासेमारीच्या गळासारखे वाकले होते. डाव्या शॉकअबचे सील ओले होते, पण दांडी बोटाला गुळगुळीत लागली. टायर दहा वर्षांचे, नक्षी शिल्लक असली तरी रबर दगडासारखे कडक. क्लचची केबल जड. हे सारे पहिल्या भागात गेले, कारण या गोष्टी कोणत्याही गाडीत झिजतातच आणि नव्या घालता येतात. दुसऱ्या भागात काही लिहायचे उरले नाही. मालकांसमोर तो कागद ठेवला, त्यांनी तो शांतपणे वाचला आणि टायर व चेनचा खर्च आपण होऊन किमतीतून वजा केला. गाडी का विकता असे विचारल्यावर गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याचे त्यांनी सांगितले. दर रविवारी ते एक फेरी मारत असत. त्या आठवड्यात मात्र फेरी चुकली होती, असेही त्यांनी आपणहून सांगितले.

एबीएस मिळाले नाही, याची मला जाणीव आहे. पावसात मी या गाडीचा वेग कमी ठेवते आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट ठेवते. नवे टायर मी गाडी घरी येण्याआधीच बसवून घेतले, कारण ब्रेक कितीही चांगला असला तरी अखेर रस्त्याला टेकतो तो टायरच. चेनचा संच, शॉकअबची सील, केबली आणि इंजिन ऑइल ही कामे काकांकडे झाली. कार्ब्युरेटर मात्र मी स्वतःसाठी राखून ठेवला होता, कारण गाडी गरम झाल्यावर सिग्नलला स्लो, म्हणजे ॲक्सिलेटर सोडल्यावरची इंजिनाची संथ चाल, टिकत नव्हता आणि ॲक्सिलेटर हलके मुरडत राहावे लागत होते.

एका सुटीच्या दिवशी मी तो उतरवला. वरची टोपी काढून आतला काळा रबरी पडदा उजेडासमोर धरला आणि ताणून पाहिला. कुठेही छिद्र नव्हते. खालची वाटी उघडली तर तळाशी चहाच्या गाळासारखी बारीक रेती जमलेली. स्लोला पेट्रोल पुरवणारा पायलट जेट सोडवून डोळ्यासमोर धरला. केसाएवढ्या त्या भोकातून उजेड दिसायला हवा होता, तो दिसत नव्हता. तारेने टोचले तर भोक मोठे होते आणि माप बिघडते, म्हणून तो क्लीनरमध्ये भिजत ठेवला, तासाभराने हवेचा झोत मारला आणि पुन्हा डोळ्याला लावला. या वेळी मधोमध पांढरा ठिपका दिसला. सगळे परत जुळवले, मिक्श्चरचा स्क्रू पूर्ण आवळून मग मोजून सैल केला, गाडी तापेपर्यंत फिरवून आणली आणि स्लोचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत राहिले. शेवटी हात काढून घेतला. इंजिन आपल्या लयीत ठोके देत राहिले आणि सीटवर ठेवलेला पाना त्या ठोक्यांसरशी हळूहळू कडेकडे सरकत होता, तो मी पडायच्या आत उचलला.